गरीब मांजर अंगावर येते तेव्हा

प्रश्न : आमची सहा वर्षांची मनी अतिशय गरीब आहे, परंतु परवा खिडकीतून उतरवताना तिने माझ्या मनगटाला कडकडून चावा घेतला. असे का झाले असावे?

उत्तर : त्या वेळी खिडकीबाहेर एखादा बोका फिरकला होता का, हे आधी आठवून पाहा; कारण ज्याच्यापर्यंत पोहोचता येत नाही त्याच्यावरचा राग मांजर जवळ सापडेल त्याच्यावर काढते आणि हा क्षोभ कित्येक तास टिकू शकतो. शेपटी फुगलेली व कान मागे पडलेले दिसल्यास तिला उचलू नका, रागावू तर मुळीच नका. अंधाऱ्या खोलीत एकटी राहू द्या. बोका आला नसेल, तर दात किंवा सांधे दुखत आहेत का, हे पशुवैद्यांकडून तपासून घ्या; दुखणे लपवण्यात मांजर पटाईत असते. चावा लहान वाटला, तरी जखम 15 मिनिटे वाहत्या पाण्याखाली साबणाने धुऊन डॉक्टरांना दाखवायची असते. ते राहिले असल्यास आजच जावे.