डोमेन कोणाच्या नावावर आहे?

प्रश्न : आमच्या संस्थेची वेबसाइट एका डिझायनरने करून दिली. 'डोमेन-होस्टिंग'चे पैसे दरवर्षी त्यालाच देतो. आता साइट बंद आहे आणि तो फोन उचलत नाही. आम्ही नेमके काय घेतले होते? (एक वाचक, सांगली)

उत्तर : तीन निरनिराळ्या गोष्टी. डोमेन म्हणजे नाव. ते कायमचे विकत मिळत नाही. एका वेळी १ ते १० वर्षांसाठी नोंदवता येते. होस्टिंग म्हणजे चोवीस तास चालू असणाऱ्या सर्व्हरवरची भाड्याची जागा. आणि तिसरी गोष्ट, त्या जागेत ठेवलेल्या फाइली व डेटाबेस. होस्टिंग दुसरीकडे घेता येते, बॅकअप असेल तर फाइली पुन्हा चढवता येतात. नाव मात्र दुसऱ्याने नोंदवले की ते परत मिळणे फार अवघड. म्हणून आधी डोमेन पाहा.

'हूइज' या, डोमेनची नोंद दाखवणाऱ्या ऑनलाइन शोधात तुमच्या साइटचे डोमेन टाका. नोंदणी कोणत्या रजिस्ट्रारकडे, म्हणजे डोमेन नोंदवून देणाऱ्या कंपनीकडे आहे आणि मुदत कधी संपते, ते दिसेल. मालकाचे नाव हल्ली बहुधा झाकलेले असते, म्हणून रजिस्ट्रारला लिहून विचारा. नोंदणीत संस्थेचे नाव असेल, तर डिझायनरला वगळून ताबा मागता येतो. त्याने स्वतःचे नाव घातले असेल, तर पैसे तुम्ही भरले असले तरी कागदोपत्री मालक तोच. हे बरोबर नाही, पण नियम असाच आहे.

मुदत संपली असेल तर एक दिवसही घालवू नका. डॉट कॉम नावाला रजिस्ट्रार जास्तीत जास्त ४५ दिवसांची सवलत देऊ शकतो. काही जण बरीच कमी देतात. नाव रद्द झाले की ३० दिवस जादा शुल्क भरून सोडवता येते, आणि त्यानंतर ५ दिवसांनी ते कोणालाही मोकळे होते.

ताबा मिळाल्यावर रजिस्ट्रारच्या खात्याला त्याच डोमेनचा ईमेल देऊ नका. डोमेन बंद पडले की तो ईमेलही बंद पडतो, आणि नूतनीकरणाची सूचना नेमकी तेव्हाच पोहोचत नाही.

प्रश्न : होस्टिंग बदलले. घरी नवी साइट दिसते, कार्यालयात जुनीच. शिवाय ईमेल येणे थांबले. (एक वाचक, नाशिक)

उत्तर : नावावरून सर्व्हरचा पत्ता शोधून देणारी यंत्रणा म्हणजे डीएनएस. एकदा मिळालेले उत्तर प्रत्येक इंटरनेट सेवा काही काळ जपून ठेवते. तो काळ 'टीटीएल'मध्ये सेकंदांत लिहिलेला असतो. तुम्ही नेमसर्व्हरच, म्हणजे डोमेनच्या डीएनएस नोंदी ठेवणारे सर्व्हरच, बदललेले दिसतात. डॉट कॉमसाठी त्या नोंदीचा टीटीएल १,७२,८०० सेकंद, म्हणजे ४८ तास असतो. तोवर जुने होस्टिंग चालू ठेवा.

ईमेलचे कारण वेगळे. नेमसर्व्हर बदलले की जुन्या जागेच्या सगळ्या नोंदी निकामी होतात, त्यात टपाल कुठे द्यायचे हे सांगणारी 'एमएक्स' नोंदही आली. ती नव्या जागी भरा. पुढच्या वेळी फक्त साइट हलवायची असेल, तर नेमसर्व्हरला हात न लावता साइटच्या सर्व्हरचा पत्ता सांगणारी 'ए' नोंद बदला. तिचा टीटीएल आदल्या दिवशीच ३०० वर आणून ठेवा.

प्रश्न : माझ्या संगणकावर फोटो दिसतात, साइटवर नाही. (एक वाचक, फोंडा)

उत्तर : विंडोजला फाइलच्या नावातील कॅपिटल-स्मॉल अक्षरांचा फरक कळत नाही, लिनक्स सर्व्हरला कळतो. कॅमेऱ्याने दिलेल्या नावाच्या शेवटी 'जेपीजी' कॅपिटलमध्ये आणि पानात स्मॉलमध्ये असेल, तर सर्व्हरच्या लेखी ती फाइलच नाही. सगळी नावे स्मॉल अक्षरांत ठेवा, मोकळ्या जागेऐवजी आडवी रेघ द्या. फोटोचा पत्ता 'सी ड्राइव्ह'पासून सुरू होत नाही ना, तेही पाहा. तो फक्त तुमच्याच संगणकावर सापडतो.

प्रश्न : आमच्या अंकातला मराठी मजकूर साइटवर टाकला की अगम्य चिन्हे येतात. (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : चिन्हे नीट बघा, निदान त्यांतच आहे. साधी इंग्रजी अक्षरे आणि विरामचिन्हे दिसत असतील, तर मजकूर जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये आहे. तो फॉन्ट मराठी अक्षरांचे नुसते चित्र दाखवतो. आत साठवलेली असतात इंग्रजी अक्षरेच. कन्व्हर्टरने युनिकोड करून घ्या आणि मग मुद्रितशोधन कराच, कारण रफार, ऱ्हस्व इकार आणि जोडाक्षरे हमखास सरकतात.

एकेका अक्षराच्या जागी तीन-तीन विचित्र चिन्हे दिसत असतील, तर मजकूर ठीक आहे. यूटीएफ-८ या एन्कोडिंगमध्ये, म्हणजे अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत, देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइटचे असते आणि ब्राउझर ते सुटे सुटे वाचतो आहे. यूटीएफ-८ ची घोषणा पानाच्या पहिल्या १,०२४ बाइटच्या आत हवी. ती असूनही गोंधळ राहिला, तर सर्व्हर स्वतःच दुसरे एन्कोडिंग कळवत असेल. सर्व्हरचे म्हणणे पानावरच्या घोषणेवर मात करते.

नुसती प्रश्नचिन्हे दिसली, तर डेटाबेसचे एन्कोडिंग चुकलेले असते. जतन करतानाच अक्षरे गेली असतील, तर ती परत येत नाहीत. डेटाबेस दुरुस्त करा आणि मूळ प्रतीवरून मजकूर पुन्हा भरा.