म्हातारी, पत्ते आणि शेतावरचे घर

प्रश्न : ‘फ्राइटमेअर’ हा १९७४ सालचा ब्रिटिश भयपट नुकताच पाहिला. त्यात ना भूत, ना पडका किल्ला. एक म्हातारी, तिचा नवरा आणि शेतावरचे घर, एवढेच. तरीही झोप उडाली. हा निव्वळ रक्तपातावर गल्ला जमवणारा चित्रपट म्हणावा, की त्यात आणखी काही आहे?
— एक वाचक

उत्तर : गल्ला जमवण्यासाठीच तो काढला होता, यात शंका नाही. पीट वॉकर हे सवंग शृंगारिक चित्रपटांतून भयपटांकडे वळलेले निर्माते-दिग्दर्शक. पदरचे पैसे घालून ते झटपट चित्रपट काढत. मात्र ज्या काळात भयपट काढणाऱ्या हॅमर या ब्रिटिश चित्रपट कंपनीचा ड्रॅक्युला थकत चालला होता, त्या काळात वॉकर आणि त्यांचे पटकथाकार डेव्हिड मॅकगिलिव्हरे यांनी भीती थेट घरातल्या चुलीपाशी आणून बसवली, आणि हे श्रेय मला फार मोठे वाटते.

नरमांसभक्षणाच्या गुन्ह्यासाठी वेड्यांच्या इस्पितळात डांबलेली डोरोथी पंधरा वर्षांनी ‘बरी’ ठरून घरी येते आणि एकट्यादुकट्या माणसांना टॅरोचे पत्ते पाहून भविष्य सांगू लागते. शीला कीथ यांचा अभिनय या प्रसंगांत जवळून पाहावा. आजीच्या मायेने समोरच्याची विचारपूस करणारा तो चेहरा पत्ता उलटताच क्षणात कठोर होतो. त्यासाठी ना रंगरंगोटी लागते, ना कॅमेऱ्याची करामत. तिची भूक भागावी म्हणून सावत्र मुलगी जॅकी रात्री गुपचूप कागदात बांधलेले जनावराचे मांस घेऊन येते. घरातल्या माणसाचे आजारपण लपवताना कुटुंबाची होणारी फरफट त्या पुडक्यात जितकी दिसते, तितकी ती पुढच्या विजेच्या ड्रिलच्या प्रसंगातही दिसत नाही.

माझ्या मते चित्रपटाचा खरा कणा मात्र नवरा एडमंड हा आहे. तो वेडा नाही. बायकोपासून दूर राहावे लागू नये म्हणून त्याने वेडाचे सोंग घेतलेले असते, आणि तिने काहीही केले तरी तो तिला पाठीशी घालतो. ही भूमिका करणारे रूपर्ट डेव्हिस १९६० ते १९६३ या काळात बीबीसीवर गुन्हेगारांना हुडकून काढणारे इन्स्पेक्टर मेग्रे म्हणून घरोघरी पोहोचले होते. तोच ओळखीचा, विश्वासाचा चेहरा इथे बायकोचे गुन्हे झाकताना पाहून तेव्हाच्या ब्रिटिश प्रेक्षकांना काय वाटले असेल, याचा विचार करून चित्रपट पुन्हा एकदा पाहावा.