‘गंजून तडा’ की ‘ताण-क्षरण तडा’?

प्रश्न असा आला आहे: विमानाच्या देखभाल-पुस्तिकेचा अनुवाद करताना ७०७५-टी६ या अ‍ॅल्युमिनियम मिश्रधातूबद्दल ‘स्ट्रेस कॉरोजन क्रॅकिंग’ असं आलं. त्याला ‘ताणामुळे गंजून तडे जाणे’ म्हटलं तर चालेल का?

‘ताण’ ठेवा, ‘गंजून’ काढा. गंज चढतो तो लोखंडाला. शिवाय ‘गंजून’ म्हटलं की डोळ्यांसमोर पोखरलेला, पापुद्रे सुटलेला पत्रा येतो. इथे भाग वरून जवळजवळ स्वच्छ असतो आणि तडा आत धातूच्या सूक्ष्म कणांच्या सीमा धरून सरकत जातो. दहावीच्या विज्ञानात आपण ‘क्षरण’ शिकतोच, तोच शब्द घ्या.

आता ‘ताण’. पुस्तकी परिभाषेत ‘स्ट्रेस’ला ‘प्रतिबल’ म्हणतात, म्हणून कुणी तुमचा शब्द बदलायला सांगेल. ऐकू नका. प्रतिबलात ओढ आणि दाब दोन्ही आले. हा तडा मात्र ओढीनेच जातो. म्हणून तर छर्‍यांचा मारा करून पृष्ठभाग दाबाखाली ठेवतात. बोलीतला शब्द इथे परिभाषेपेक्षा नेमका निघतो, असं क्वचितच घडतं. हा ताण बाहेरच्या भाराचाच हवा असंही नाही. तापवलेल्या धातूला पाणी देताना आत अडकून राहिलेला किंवा भोकात घट्ट बुश (धातूची छोटी नळी) ठोकून बसवल्याने आलेला ताणही पुरतो, आणि जोडीला दमट हवा असली की झालं. जाड ठोकळ्यात जाडीच्या दिशेने ओढ पडली तर धोका सर्वांत जास्त. टी६ ऐवजी टी७३ ही उष्णता-प्रक्रिया केली की हा दोष बराच आटोक्यात येतो, पण बळ सुमारे १० ते १५ टक्के घटतं.

जाता जाता: याच जातीच्या दोषाला पितळेच्या बाबतीत इंग्रजीत ‘सीझन क्रॅकिंग’ म्हणत, आणि त्यातला सीझन म्हणजे आपला पावसाळा, असं सांगतात! ब्रिटिश फौजेची पितळी काडतुसं हिंदुस्थानात पावसाळ्यात साठ्यात पडल्या पडल्या तडकत. दमट हवेतला अमोनिया आणि घडवताना पितळेत राहिलेला ताण, ही त्यामागची कारणं पुढे उलगडली.

‘भेग’ नको, ती कोरड्या जमिनीला, टाचेला पडते. ‘चीर’ चालेल, पण कारखान्यात ‘तडा गेला’ किंवा सरळ ‘क्रॅक गेला’ म्हणतात. तेव्हा दोषाचं नाव ‘ताण-क्षरण तडा’, आणि वाक्यात: ‘या जोडाला ताण-क्षरणाने तडा गेला आहे का, ते तपासा.’ पहिल्या उल्लेखाशेजारी ‘स्ट्रेस कॉरोजन क्रॅकिंग’ देवनागरीत जरूर द्या, हँगरमधला माणूस तेच नाव ओळखतो.