अपिस्टोची (अपिस्टोग्रामा, टँकमध्ये पाळायचे छोटे मासे) ‘एक नर, दोन माद्या’ अशी तिकडी आणली, पण तिसरी मादी वाटत नाही. जात आणि नर-मादी कसे ओळखायचे?

तुम्ही लिहिलंय त्यावरून चित्र असं दिसतं: दोन फुटी टँक, मोठ्या माशाच्या पाठीवर तुरा आणि शेपटीत लाल ठिपके, दुसरा मासा आठवड्याभरात हळदीसारखा पिवळा झालाय, आणि तिसरा राखाडी, हीटरमागे दडून बसलेला. त्याला दोघंही हुसकावतात. दुकानदाराने ‘अगासिझी’ म्हणून दिले.

अगासिझी नाहीत, काकाटुऑइडिस आहेत. आणि तो तिसरा माझ्या मते मादी नाही, दबून राहिलेला नर आहे.

आधी जातीचं बघू, ते सोपं आहे. अगासिझी नराची शेपटी भाल्याच्या पात्यासारखी एकाच टोकाकडे निमुळती होते. काकाटुऑइडिस नराच्या शेपटीला वर आणि खाली अशी दोन टोकं निघतात, आणि पाठीवरच्या पराचे पुढचे काटे उंच वाढतात. नावच त्यावरून पडलंय, काकाकुवाच्या तुऱ्यासारखा म्हणून. तुमच्या मोठ्या माशाच्या शेपटीला दोन टोकं आहेत, म्हणजे प्रश्न मिटला. माद्यांची शेपटी दोन्ही जातींत गोल असते, तिथे अंगावरचा काळा पट्टा बघायचा. अगासिझीत तो थेट शेपटीत शिरून टोकापर्यंत जातो. काकाटुऑइडिसमध्ये त्या पट्ट्याखाली, पोटाकडे, आणखी तीन बारीक आडव्या रेघा दिसतात. मासा घाबरलेला असला की रेघा पुसट होतात, तेव्हा पाणी बदलल्यावर लगेच बघायला बसू नका. ‘डबल रेड’, ‘ट्रिपल रेड’ ही जातीची नावं नव्हेत, किती परांत लाल रंग आहे एवढंच ते सांगतात. तसल्या पैदाशीच्या माद्यांच्या शेपटीतही थोडा लाल असतो, म्हणून ‘लाल दिसला की नर’ हे धरून चालू नका.

आता नर-मादी. मी बडोद्याच्या दांडिया बाजारात राहत होतो तेव्हा एका दुकानातून एक मोठा नर आणि चार ‘माद्या’ आणल्या होत्या. दुकानवाला भाई शपथेवर सांगत होता, ‘साहेब, चारे मादा ज छे.’ दोन महिने मीही तेच समजत होतो. मग एका रात्री झाकणाच्या फटीतून मोठ्या नराने उडी मारली, सकाळी तो फरशीवर सापडला. दहाव्या दिवशी फिल्टरच्या पाइपमागे राहणाऱ्या ‘मादी’ने तुरा उभारला! महिन्याभरात शेपटीला टोकंही आली. अपिस्टोत हे नेहमीचं आहे. दादा नर टँकमध्ये असला की धाकटे नर मादीचा वेश सोडत नाहीत. मार चुकतो, आणि दादाची नजर चुकवून अंडी गुपचूप फळवताही येतात.

म्हणून अंगाच्या रंगावर जाऊ नका, आकारमानावरही नको. पोटाखालचे दोन पर बघा. मादीत त्यांची पुढची कड ठसठशीत काळी असते, शाईची रेघ ओढल्यासारखी. तुमच्या तिसऱ्याचे ते पर फिकट आणि टोकाला लांबट आहेत असं तुम्हीच म्हणता. शिवाय पाठीवरच्या पराचं मागचं टोक टोकदार होऊन शेपटीवर येतंय. मादीचं ते टोक आखूड आणि गोलसर राहतं. शंका उरली तर विणीच्या वेळी पोटाखालची नळी बघता येते, मादीची जाड आणि बोथट, नराची बारीक, टोकदार. पण ती दिसायला नशीब लागतं.

पिवळी झालेली मात्र नक्की मादी, तो विणीचा रंग आहे. नारळाची करवंटी ठेवलीय म्हणता ना? टॉर्च घेऊन आतलं छत बघा. अंडी तिथे चिकटवलेली असतात. मादी पोटाखालचे पर झटके देत हलवत असेल, तर पिल्लं निघालीसुद्धा असतील. पिल्लांना बोलवायची तिची ती खूण आहे. माझी आई तिला ‘हळदीची नवरी’ म्हणायची, पण ही नवरी नवऱ्यालाच झोडपते.

एक गोष्ट बडोद्यात राहणाऱ्यांनी ध्यानात ठेवायची. अपिस्टोच्या पिल्लांचं नर-मादीपण सुरुवातीच्या काही आठवड्यांत पाण्याच्या तपमानावरही ठरतं. गरम पाण्यात नर जास्त निघतात, गारव्यात माद्या. आपल्याकडे मे महिन्यात हीटर बंद असूनही टँक तिशीच्या वर जातो. माझी एक वीण अशीच मेमध्ये निघाली, एकोणीस वाढवली, त्यांत माद्या फक्त तीन. पिल्लं पंचवीस-सव्वीसच्या आसपास ठेवता आली तर दोन्ही बऱ्यापैकी निघतात. टँकवर लहान पंखा लावला तरी दोन-तीन अंश उतरतात.

तिसऱ्याला आज-उद्या वेगळ्या टँकमध्ये हलवा. दोन फुटांत दोन नर आणि पिल्लांची आई हे जमणारं नाही, हीटरमागची जागा त्याला फार दिवस पुरणार नाही. आर्टेमियाची (पिल्लांना खायला घालायच्या बारीक खाऱ्या कोळंबीची) अंडी घरात नसतील तर तीही आणून ठेवा. पिल्लं पोहायला लागली की त्याच दिवशी खायला मागतात.