खान्देशातून लोकसभेत किती खासदार जातात आणि ते कोणत्या पक्षाचे आहेत?

चार. २०२४ मध्ये जळगावातून स्मिता वाघ आणि रावेरमधून रक्षा खडसे निवडून आल्या, दोघी भाजपच्या, म्हणजे सत्ताधारी बाकांवर. धुळ्याच्या शोभा बच्छाव आणि नंदुरबारचे गोवाल पाडवी काँग्रेसचे, विरोधी बाकांवर. नंदुरबार अनुसूचित जमातींसाठी राखीव आहे.

खरा घोळ होतो तो हद्दीत. साक्री, शिरपूर धुळे जिल्ह्यात, पण तिथलं मत नंदुरबारच्या खासदारासाठी. उलट नाशिक जिल्ह्यातले मालेगाव मध्य, मालेगाव बाह्य आणि बागलाण धुळ्यात मोडतात. बुलढाण्याचं मलकापूर रावेरमध्ये. म्हणून खासदाराकडे निवेदन घेऊन जाण्याआधी जिल्हा पाहू नका, आपला विधानसभा मतदारसंघ पाहा. मतदार यादीच्या पहिल्याच पानावर तो लोकसभा मतदारसंघासकट छापलेला असतो. चुकीच्या कार्यालयात दिलेला कागद नुसता फिरत राहतो.