हकालपट्टी, उचलबांगडी की गच्छंती?

प्रश्न असा आला आहे: "आम्ही तिघे मित्र मँचेस्टर युनायटेड या इंग्लिश फुटबॉल क्लबचे चाहते. मॅनेजर एरिक टेन हागला काढल्यापासून आमचा वाद मिटलेला नाही. एक जण 'हकालपट्टी' म्हणतो, दुसरा 'उचलबांगडी'. मी 'गच्छंती' लिहिलं तर दोघंही माझ्यावर तुटून पडले, म्हणाले, तू मालकांना पाठीशी घालतोस. हे तिन्ही शब्द एकाच अर्थाचे नाहीत का? आणि क्लबचं जे झालंय त्याला ऱ्हास म्हणावं, घसरण म्हणावं की उतरती कळा?"

तुमच्या मित्रांची तक्रार रास्त आहे. तुमचा तसा हेतू नसेल, पण 'गच्छंती' हा शब्द घालवणाऱ्याला आडोसा देतो. तो आला आहे संस्कृतातल्या 'गच्छन्ति' या क्रियापदावरून. अर्थ 'ते जातात'. वर्तमानकाळ, तृतीय पुरुष, अनेकवचन. मराठीने हे अख्खं क्रियापद उचलून त्याचं स्त्रीलिंगी नाम केलं. मूळ अर्थात फक्त जाणं आहे, घालवणारा कोणी नाही. मराठीत 'गच्छंती' म्हटल्यावर माणूस आपखुशीने गेलेला नाही हे कळतं, पण कोणी पाठवलं ते वाक्यात यावं लागत नाही. एक सोपी कसोटी करून पाहा. 'त्याची गच्छंती झाली' हे आपण सहज बोलतो. 'क्लबने त्याची गच्छंती केली' म्हणून पाहा, लगेच अडखळायला होतं. हकालपट्टी आणि उचलबांगडी मात्र 'होते'ही आणि कोणीतरी 'करतं'ही. तिथे 'संचालक मंडळाने' हा कर्ता वाक्यात बसवता येतो.

क्लबांच्या निवेदनांना असाच आडोसा हवा असतो. डिसेंबर २०१५ मध्ये चेल्सी या क्लबने आपला मॅनेजर जोसे मोरिन्यो याला काढलं, तेव्हा निवेदनात 'परस्पर संमतीने' वेगळे होत असल्याचं म्हटलं होतं. सात महिन्यांपूर्वी प्रीमियर लीग, म्हणजे इंग्लंडमधली अव्वल लीग, जिंकलेला संघ तेव्हा सोळाव्या स्थानावर होता. ते निवेदन मराठीत एका शब्दात आणायचं तर 'गच्छंती' चपखल बसेल. चाहत्याने मात्र तो शब्द वापरण्यापूर्वी थोडं थांबावं असं मला वाटतं, कारण चाहत्याला कोणाचीच बाजू सांभाळायची नसते.

आता 'हकालपट्टी'. हाक, हाकणं, हाकलणं, हकालणं हे सगळं एकाच घरातलं. गुरांना ओरडून, काठी दाखवून हद्दीबाहेर घालवायचं, ही मूळ क्रिया. राजकीय बातम्यांत हा शब्द नेहमी भेटतो: शिस्तभंग केला, पक्षविरोधी काम केलं, म्हणून पक्षातून हकालपट्टी. म्हणजे जाणाऱ्याच्या माथी दोष आहे आणि त्याला हद्दीबाहेर काढणं योग्यच होतं, असा सूर या शब्दाला आपोआप लागतो. म्हणूनच युनायटेडचा मॅनेजर ओले गुन्नार सोल्शार याच्याबद्दल 'हकालपट्टी' वाचलं तेव्हा मला फार लागलं. वॉटफर्डकडून ४-१ अशी हार झाली आणि दुसऱ्याच दिवशी, २१ नोव्हेंबर २०२१ रोजी, त्याचं पद गेलं. १९९९च्या चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात भरपाईच्या वेळेत युनायटेडसाठी विजयी गोल मारणारा हा माणूस. जाताना त्याने क्लबच्याच वाहिनीला निरोपाची मुलाखत दिली आणि तीत त्याचे डोळे भरून आले. संघ वाईट खेळत होता यात वाद नाही. पण हाकलून द्यावं असं त्याने काही केलेलं नव्हतं.

'उचलबांगडी' हा या सगळ्यांत मला सर्वांत आवडणारा शब्द. आज आपण तो नुसता 'काढून टाकणं' या अर्थाने वापरतो, पण मूळ अर्थ अगदी अंगाशी भिडणारा आहे: माणसाला हातपाय धरून अधांतरी उचलायचं आणि घेऊन जायचं. शाळेत जायचं नाही म्हणून हटून बसलेल्या पोराला चौघांनी मिळून उचललंय, असं चित्र डोळ्यांसमोर आणा. या चित्रात तीन गोष्टी ठळक आहेत. उचलला जाणारा माणूस जागा सोडायला तयार नाही. उचलणारे एकापेक्षा जास्त आहेत. आणि त्याने काही गुन्हा केलाय की नाही, याबद्दल शब्द गप्प आहे. सरकारी अधिकाऱ्याची मुदतीआधीच तडकाफडकी बदली झाली की बातमीत 'उचलबांगडी' येते ती याचमुळे. नोकरी जात नाही, जागा जाते. कधीकधी तर काम चांगलं केलं म्हणूनही उचलबांगडी होते.

फुटबॉलच्या मॅनेजरांना हे चित्र किती लागू पडतं ते पाहा. युनायटेडने मॅनेजर म्हणून डेव्हिड मॉयेसला २०१३ मध्ये सहा वर्षांचा करार दिला होता; २२ एप्रिल २०१४ला, दहा महिन्यांत, त्याला उचललं. लुई व्हान गालची गोष्ट तर याहून बोलकी. २१ मे २०१६, शनिवार: युनायटेडने एफए कप ही इंग्लंडमधली बाद पद्धतीची स्पर्धा जिंकली. २३ मे, सोमवार: व्हान गाल पदावर नाही. आणि टेन हाग? मे २०२४ मध्ये त्याने मँचेस्टर सिटीला हरवून एफए कप आणला, लीगमध्ये संघ आठवा आला, मंडळाने बराच विचार करून जुलैमध्ये त्याचा करार एका वर्षाने वाढवला, आणि २८ ऑक्टोबरला त्याला काढलं. तेव्हा संघ चौदाव्या स्थानावर होता. ज्यांनी जुलैत 'बसून राहा' म्हटलं त्यांनीच ऑक्टोबरात हातपाय धरले. तिघांच्या वादात मी उचलबांगडीवाल्या मित्राच्या बाजूने आहे.

'बडतर्फ' कोणी वापरत असेल तर त्याला थांबवा. फारसीतल्या 'बर-तरफ'वरून तो आला, 'बाजूला केलेला' असा त्याचा मूळ अर्थ. पण मराठीच्या कार्यालयीन व्यवहारात त्याला नेमका अर्थ मिळाला आहे: गैरवर्तन, चौकशी, दोष सिद्ध, शिक्षा म्हणून नोकरीतून काढणं. चौकशी चालू असताना दूर ठेवतात ते निलंबन. फुटबॉलमध्ये लाल कार्ड मिळालेला खेळाडू पुढच्या सामन्यांसाठी निलंबित होतो, तिथे तो शब्द बरोबर आहे. मॅनेजरला काढतात तेव्हा सहसा यातलं काहीच घडत नाही. क्लब करार मुदतीआधी संपवतो आणि त्याची भरपाई मोजतो. टेन हाग आणि त्याचे सहायक यांच्यासाठी युनायटेडला एक कोटी पौंडांहून जास्त रक्कम मोजावी लागली. बडतर्फ माणसाला भरपाई मिळत नाही.

बोलताना आपण तिघंचौघं 'सॅक झाला' असंच म्हणतो, आणि मला त्यात गैर वाटत नाही. इंग्रजीत हा वाक्प्रचार कारागिराच्या पिशवीवरून आला असं सांगतात: काम संपलं की मालक त्याच्या हत्यारांची पिशवी त्याच्या हातात देई. आपल्याकडे त्याच क्षणी हातात नारळ येतो. दोन भाषांनी एकमेकींना न विचारता निरोपाच्या वेळी माणसाच्या हातात काहीतरी दिलं, याचं मला अप्रूप वाटतं. फरक इतकाच की पिशवी त्याची स्वतःची होती, नारळ मात्र देणाऱ्याचा, मानाचा. म्हणून 'नारळ दिला' या शब्दप्रयोगात राग कमी आणि संपल्याची जाणीव जास्त आहे. सोल्शारला नारळ दिला, हे मला पटतं. 'अर्धचंद्र' याच्या अगदी उलट: हाताचा पंजा अर्ध्या चंद्रासारखा वाकवून मानगूट धरायची आणि बाहेर ढकलायचं. 'डच्चू' खेळाडूसाठी ठेवावा. संघातून वगळण्याला तो शोभतो. 'पायउतार' म्हणजे वाहनावरून स्वतःच्या पायाने खाली उतरणं. युनायटेडचे मॅनेजर सर अॅलेक्स फर्ग्युसन मे २०१३ मध्ये, साडेसव्वीस वर्षांनी, तेरावं प्रीमियर लीग विजेतेपद मिळवून थांबले, त्याला पायउतार होणं म्हणता येईल. त्यांच्यानंतर आलेल्यांपैकी ज्यांना काढावं लागलं, त्यांच्यासाठी हा शब्द नको.

आणि सगळ्यांत साधं वाक्य विसरू नका: 'क्लबने त्याला काढलं.' कर्ता आहे, कर्म आहे, क्रिया आहे. 'त्याला काढण्यात आलं' म्हटलं की कर्ता पुन्हा पडद्याआड जातो.

आता तुमचा दुसरा प्रश्न, जो मला पहिल्यापेक्षा महत्त्वाचा वाटतो. पडण्याचे शब्द मराठीत भरपूर आहेत, आणि प्रत्येक शब्द पडण्याचं कारण सोबत घेऊन येतो.

'घसरण' मोजता येणाऱ्या गोष्टीची होते: पाऱ्याची, भावाची, क्रमांकाची. २०१२-१३ मध्ये पहिला, पुढच्याच हंगामात सातवा, २०२४-२५ मध्ये ४२ गुणांसह पंधरावा. गुणतक्त्याबद्दल बोलायचं तर 'घसरण' निर्दोष आहे. मात्र घसरणारा माणूस सावरू शकतो, नुसता पाय नीट रोवायला हवा, असा दिलासाही त्या शब्दात आहे. मधल्या काळात युनायटेड २०१८ आणि २०२१ मध्ये दुसरा आला, तेव्हा आपण सगळ्यांनी तो दिलासा मानून घेतलाच होता.

'ऱ्हास' संथ आणि सर्वांगीण असतो. जंगलांचा ऱ्हास, मूल्यांचा ऱ्हास. त्यातून परत येणं शब्दाने जवळपास नाकारलेलं आहे. २०१६, २०१७, २०२३, २०२४ अशा चार वेगवेगळ्या वर्षी करंडक उचललेल्या क्लबला हा शब्द लावायची घाई करू नये. 'डबघाई'ही नको. डबघाईला येतो तो धंदा, आणि युनायटेडचं २०२४-२५ चं वार्षिक उत्पन्न ६५ कोटी पौंडांच्या वर होतं. 'अधःपात' नैतिक पडण्यासाठी राखून ठेवलेला बरा.

'उतरती कळा' फार सुंदर आहे. कळा म्हणजे चंद्राची कला, आणि तेजही. चेहऱ्यावरची कळा, अवकळा यांतही तेच तेज आहे. चंद्राची कळा उतरते ती पुन्हा चढण्यासाठीच, म्हणून या शब्दप्रयोगात दुःख असूनही आशा शिल्लक राहते. युनायटेडच्या इतिहासात ही उपमा एकदा अक्षरशः खरी ठरली आहे. १९६८ मध्ये मॅनेजर मॅट बझबींच्या संघाने युरोपियन कप, म्हणजे आजची चॅम्पियन्स लीग, जिंकला. सहा वर्षांत, १९७४ साली, क्लब दुसऱ्या श्रेणीत उतरला. १९७५ मध्ये ती श्रेणी जिंकून परत वर आला. आज ज्यांना हा क्लब पुन्हा उभा राहील याची खात्री वाटते, त्यांनी हा शब्द खुशाल वापरावा.

पण मला विचाराल तर मी या तिन्हींऐवजी 'पडझड' म्हणेन. पडझड वास्तूची होते. एका दिवसात होत नाही. डागडुजी वर्षानुवर्षं लांबणीवर पडते, एक दिवस जोराचा पाऊस येतो आणि कौलं कोसळतात. मे २०२४ मध्ये आर्सेनलविरुद्धच्या सामन्याच्या दिवशी ओल्ड ट्रॅफर्ड या क्लबच्या मैदानाच्या छतातून पाण्याची धार लागली, तेव्हा हा शब्द मला पहिल्यांदा सुचला आणि तो अजून मनातून गेलेला नाही. २००५ मध्ये ग्लेझर कुटुंबाने हा क्लब मोठ्या कर्जावर विकत घेतला आणि ते कर्ज क्लबच्याच डोक्यावर ठेवलं. गोलरक्षक चुकला, बचावफळी फुटली, हे सामन्याचं झालं. वास्तूची देखभाल हा मालकाचा विषय आहे.

तुमच्या तिघांच्या वादाचं मूळ मला इथे दिसतं. जो 'घसरण' म्हणतो त्याला गाडी ठीक वाटते, चालक चुकलेला वाटतो; त्याच्या तोंडी 'हकालपट्टी' येणं स्वाभाविक आहे. जो 'पडझड' पाहतो त्याला भाडेकरू बदलून भिंत उभी राहत नाही हे दिसतं, म्हणून तो 'उचलबांगडी' म्हणतो. त्याच्या लेखी उचलला गेलेला माणूस निर्दोष असेलच असं नाही, पण प्रश्न त्याच्यापाशी सुरू झाला नाही आणि त्याच्यापाशी संपतही नाही. पदाच्या नावातही हेच दिसतं. फर्ग्युसन 'मॅनेजर' होते: खेळाडू कोणते घ्यायचे, कोणते विकायचे, यात त्यांचा शब्द अखेरचा असे. टेन हागच्या जागी आलेल्या रुबेन अमोरिमला क्लबने 'मुख्य प्रशिक्षक' हे पद दिलं. आपल्या बातम्यांत दोघांनाही 'प्रशिक्षक' म्हणतात, आणि त्यामुळे कोणाच्या हाती किती अधिकार होते ते वाचकापर्यंत पोहोचत नाही. 'व्यवस्थापक' मराठीत कचेरीतला माणूस वाटतो, हे मान्य. मग 'मॅनेजर' हाच शब्द ठेवा, पण दोन पदांना दोन शब्द असू द्या.

तुम्हाला 'गच्छंती' सोडवत नसेल तर एका वाक्यात ती अगदी हक्काने वापरता येईल. मॉयेस, व्हान गाल, मोरिन्यो (चेल्सीनंतर तो युनायटेडमध्येही होता), सोल्शार, टेन हाग: २०१३ ते २०२४ या अकरा वर्षांत पाच जण आले, काढले गेले, आणि काढणारं घर तेच राहिलं. त्या पाचांबद्दल एकत्र लिहाल तेव्हा मूळ संस्कृत क्रियापदाचं अनेकवचनसुद्धा जुळून येईल. गच्छन्ति. ते जातात.