आधी कण्हणं, मग अर्थ

प्रिय बाळा,
सप्रेम सलाम.

आई जाऊन तीनच महिने झाले आणि तू विचारतोस, "यातून देव मला काय शिकवतोय ते उमगत कसं नाही?" अरे, घाई कुणाला आहे? चर्चच्या मंडळीतलं कुणी ना कुणी दर रविवारी तुला बायबलमधलं रोमकरांस पत्र, अध्याय ८, वचन २८ ऐकवतं: सगळं मिळून कल्याणच होतं. वचन खरं आहे, पण त्याच्या वरचं वाच. २२व्या वचनात सृष्टी कण्हते, २३व्यात आपण, २६व्यात खुद्द पवित्र आत्मा. तीनदा कण्हून झाल्यावर कल्याणाची गोष्ट निघते. आधी कण्हणं, मग अर्थ. शोकातल्या माणसांना मीही हे वचन वेळेआधी ऐकवलंय, त्याची टोचणी अजून आहे. म्हणून हट्टाने सांगतो.

बायबलमधल्या, मुलं-संपत्ती-आरोग्य सगळं गमावलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले, तोवर ठीक होतं. मग त्याच्या दुःखाची कारणं सांगायला लागले आणि बिघडलं. शेवटच्या अध्यायात देव त्यांच्यावरच रागावतो. योग्य बोलला म्हणतो तो ईयोब, देवाशी भांडणारा! आणि पहिल्या दोन अध्यायांत सैतानाला त्याची परीक्षा घेऊ द्यायचं स्वर्गात ठरलं, हे ईयोबाला शेवटपर्यंत कळत नाही.

आता असं कर. बायबलमधल्या स्तोत्रसंहितेतलं १३वं स्तोत्र मोठ्याने वाच, सहाच वचनं आहेत. पहिल्या दोनांत 'कुठवर?' हा सवाल चारदा, पुढच्या दोनांत मागणं, शेवटच्या दोनांत भरवसा. त्याच क्रमाने वहीत स्वतःचं लिही. देवाला 'तू' म्हणूनच लिही. 'तो' आला की प्रार्थनेचा निबंध होतो. मागणं नेमकं हवं: 'शांती दे' नको, 'आज रात्री झोप दे' लिही. भरवसा आतून येत नसेल तर चौथ्या वचनापाशी थांब, ओढूनताणून पाचवं लिहू नकोस. ८८वं स्तोत्र तर अंधारातच संपतं, तरी ते प्रार्थनाच आहे.

तू म्हणशील, काका श्रद्धा ढिली करतोय. नाही रे. देवाकडे तोंड करून रडणारा देवाला सोडून गेलेला नसतो.

आणि बरं वाटून पुन्हा कोसळलास तर घाबरू नकोस. बायबलमधल्याच 'विलापगीत' या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायात मध्यावर आशा येते, त्यानंतरही डोळ्यांतून पाण्याचे पाट वाहतातच.

या रविवारी कुणी २८वं वचन काढलंच, तर नम्रपणे म्हण, "२२पासून वाचू या का?"

तुझा,
काका